वहिनीच्या तक्रारीत आईचं आणि माझंही नाव आहे. तिघांनी एकच वकील करावा का?

अनुजा_नाशिक

नमस्कार. कोर्टाच्या कामाची माहिती असलेले बरेच जण इथे आहेत, म्हणून मन घट्ट करून लिहिते आहे.

माझं माहेर सांगली जिल्ह्यातलं, लग्नानंतर मी नाशिकला असते. दादा, वहिनी आणि आई एकत्र राहत होते. दिवाळीनंतर वहिनी सोलापूर जिल्ह्यात तिच्या माहेरी गेली ती परत आलीच नाही. आता तिकडच्या पोलीस ठाण्याची नोटीस आली आहे, दादाला आणि आईला हातात, मला व्हॉट्सॲपवर. पाठोपाठ डीव्हीच्या, म्हणजे कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या, अर्जाचं समन्स. गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ८५ खाली, म्हणजे ज्याला सगळे अजून ४९८ म्हणतात तोच. शिवाय मारहाण आणि दमदाटीची कलमं.

एफआयआरमध्ये माझ्याबद्दल एकच वाक्य आहे, 'नणंद फोनवरून सासूस चिथावणी देत असे.' तारीख नाही, काय बोलले ते नाही. आईबद्दल माहेरून पैसे आणण्यासाठी टोमणे मारणं आणि जेवण न देणं. दादाबद्दल मात्र तारखांसकट लिहिलं आहे.

दादा म्हणतो, एकदा रागाच्या भरात हात उचलला, बाकी सगळं खोटं. गेल्या गणपतीत मी माहेरी गेले होते तेव्हा आरतीचं ताट उचलताना वहिनीच्या बाहीखाली निळा वळ दिसला होता. कपाटाचं दार लागलं म्हणाली. आईने लगेच मोदकांचा विषय काढला.

मामांचं ठाम मत आहे की वकील एकच करायचा आणि तिघांनी एकच सांगायचं, 'आमच्या घरी असं काही घडलंच नाही.' मला हे पटत नाही, पण त्यांना काय उत्तर द्यावं ते कळत नाही. आई ६८ वर्षांची आहे, तिला अटक होईल का? मला प्रत्येक तारखेला नाशिकहून जावं लागेल का?

तालुकावकील

अनुजाताई, मामांचा सल्ला अजिबात ऐकू नका. तिघांचा एक वकील नको, आणि सरसकट नकार तर मुळीच नको.

तुमच्या दादांवर तारखांसकट आरोप आहेत, तुमच्यावर एक मोघम वाक्य. एका वकीलपत्रावर दोन्ही आले की दोन्ही एकाच गाठोड्यात बांधले जातात. पुढे तो वळ कशाचा हा प्रश्न निघाला, तर दादांना वाचवणारं उत्तर तुम्हाला अडकवणारं असू शकतं. ज्यांचे हितसंबंध एकमेकांत आडवे येतात अशा दोन पक्षकारांचं काम एका वकिलाने घ्यायचंच नसतं. निदान तुमच्यासाठी वेगळा वकील बघा. आईंचं कागद वाचून ठरवा.

दुसरं, डीव्हीच्या अर्जावरचं म्हणणं शपथेवर जातं. 'काहीच घडलं नाही' असं शपथपत्र दिलं आणि उद्या दवाखान्याचा कागद किंवा दादांचाच एखादा माफीचा मेसेज समोर आला, तर मूळ केस राहिली बाजूला, खोट्या शपथपत्राचं नवं झेंगट मागे लागतं. आणि कोर्ट एकदा म्हणालं की हा माणूस खोटं बोलतो, की मग त्याच्या पगाराच्या आकड्यावरही विश्वास ठेवत नाही.

अटकेबद्दल. ४९८ दखलपात्र (पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात) आणि अजामीनपात्र (जामीन द्यायचा की नाही ते कोर्ट ठरवतं) आहे, शिक्षा तीन वर्षांपर्यंत. पण अर्नेश कुमार विरुद्ध बिहार राज्य या २ जुलै २०१४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की सात वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्यांत पोलिसांनी आपोआप अटक करायची नाही, आधी कारण लेखी मांडायचं. गरज नसेल तर हजर राहण्याची नोटीस द्यायची. तीच नोटीस आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५(३) खाली येते, आणि तुम्हाला बहुधा तीच आली आहे. सांगितल्या वेळी हजर राहिलात, तपासाला सहकार्य केलंत, तर अटक करण्यासाठी पोलिसांना वेगळी कारणं नोंदवावी लागतात. नोटीस चुकवली तर ते संरक्षण गेलं. एवढ्या एका कारणाने आत गेलेली माणसं मी पाहिली आहेत.

तुमची व्हॉट्सॲपवरची नोटीस ही रीतसर बजावणी नाही, सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये हे स्पष्ट केलं आहे. पण म्हणून गप्प बसू नका. वकिलामार्फत तपास अधिकाऱ्यांना लेखी कळवा की नोटीस रीतसर द्यावी, मी यायला तयार आहे. त्या पत्राची पोच जपून ठेवा.

दादांनी अटकपूर्व जामिनाचा अर्ज (आता त्याच नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४८२) सत्र न्यायालयात करावा असं माझं मत. त्यांच्यावरचे आरोप नेमके आहेत. आईंचं वय आणि आजार असेल तर त्याचे कागद अर्जाला जोडा.

राजापूरचा_विनू

मी यातून गेलो आहे म्हणून सांगतो. पहिल्या दिवशी मी वकिलाकडे चार तास तक्रार सांगत बसलो. ती अशी, तिची आई तशी. वकील म्हणाले, हे सगळं ठेवा आणि एक वही करा. डाव्या पानावर तिने लिहिलेली तारीख आणि आरोप, उजव्या पानावर त्या दिवशी मी कुठे होतो आणि त्याचा कागद काय. ऑफिसची हजेरी, बसचं तिकीट, बँकेचं स्टेटमेंट, डॉक्टरची चिठ्ठी. तीन आरोपांसमोर माझ्याकडे भक्कम कागद निघाला, दोघांसमोर काहीच नाही. त्या दोघांबद्दल वकिलांनी मला बसवून खरं काय ते विचारून घेतलं. पुढची सगळी केस त्या वहीवर चालली.

आणि मेसेज डिलीट करू नका, कितीही लाजिरवाणे असले तरी. फोन बदलू नका.

अनुजा_नाशिक

तालुकावकील, विनू, दोघांचे मनापासून आभार. वहीचं आजच सुरू करते. आईचं तर काय, तिच्याकडे कागद म्हणजे फक्त किराण्याची वही.

स्पष्टवक्ता_७

एवढं घाबरता कशाला? या सगळ्या केसेस पैसे उकळायला असतात. उलट केस टाका, तिच्या नोकरीच्या ठिकाणी अर्ज करा, नातेवाइकांत सगळं उघड करा. आठवड्यात तडजोडीला येते की नाही बघा.

तालुकावकील

स्पष्टवक्ता, हा सल्ला कुणी पाळला तर त्याचा जामीन रद्द व्हायची वेळ येईल. जामिनाच्या अटींत फिर्यादी आणि साक्षीदारांवर दबाव न आणण्याची अट असते. डीव्हीच्या कोर्टाने दिलेल्या संरक्षण आदेशात तर तिच्या कामाच्या ठिकाणी जायला, कुठल्याही मार्गाने संपर्क करायला बंदी घालता येते. तो आदेश मोडणं हा स्वतंत्र गुन्हा आहे, डीव्ही कायद्याचं कलम ३१, एक वर्षापर्यंत कैद किंवा २० हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि तोही अजामीनपात्र. डीव्हीच्या मूळ अर्जावर कुणाला अटक होत नाही. अटक होते ती आदेश मोडल्यावर.

समुपदेशिका_विजया

मी बरीच वर्षं पोलिसांच्या महिला सहाय्य कक्षात समुपदेशन केलं आहे. स्पष्टवक्ता यांनी लिहिलं तसं रोज कुणी ना कुणी मला ऐकवत असे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

खोट्या तक्रारी असतात. वाढवून लिहिलेल्या त्याहून जास्त असतात. पण निर्दोष सुटका म्हणजे तक्रार खोटी, हा हिशेब चुकीचा आहे. चार भिंतींच्या आत झालेल्या मारहाणीला साक्षीदार कोण असणार? शेजारी कोर्टात फिरकत नाहीत, बाईने तेव्हा दवाखान्यात 'पडले' असं सांगितलेलं असतं, आणि मध्येच तडजोड झाली की ती साक्ष बदलते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात हिंसा सोसलेल्या बायकांपैकी फक्त १४ टक्के बायकांनी कुणाची तरी मदत मागितली होती. पोलीस ठाण्याच्या पायरीपर्यंत येणाऱ्या त्याहून किती कमी असतील, विचार करा.

आणि तरीही, ज्याच्यावर आरोप आहे त्याला चांगला वकील मिळालाच पाहिजे. ज्याने मारलं आहे त्यालाही. शिक्षा त्याने केलं तेवढ्याचीच व्हावी, न केलेल्याची नको, आणि त्याच्या म्हाताऱ्या आईला त्याच्यापायी नको. मी बायकांच्या बाजूने काम केलं, पण सगळं घर आरोपी करण्याने खऱ्या तक्रारीचंच नुकसान होताना मी पाहिलं आहे. न्यायाधीश नणंदेवरचं मोघम वाक्य वाचतात आणि मग नवऱ्यावरच्या नेमक्या आरोपाकडेही संशयाने बघू लागतात.

अनुजाताई, तुमच्या दादांनी हात उचलल्याचं कबूल केलं आहे ना? मग त्यांच्या वकिलांना तसंच सांगायला लावा. वकिलाला सांगितलेलं गुप्त राहतं. संरक्षण आदेशाला विरोध न करणं, अंतरिम पोटगी वेळेवर भरणं, समुपदेशनाला स्वतःहून तयार होणं, हाही बचावच आहे. कोर्टाला डीव्हीच्या कलम १४ खाली समुपदेशनाला पाठवता येतं, ते सांगेपर्यंत थांबायची गरज नाही.

मृण्मयी_स

हा धागा वाचून लिहावंसं वाटलं. मी दुसऱ्या बाजूची आहे. मी तक्रार केली होती.

माझ्या तक्रारीतही नणंदेचं नाव होतं. ते मी सांगितलं नव्हतं. मी नवऱ्याचं सांगत होते, रडत होते. लिहून देणाऱ्याने विचारलं, घरात आणखी कोण कोण, आणि सगळी नावं आत गेली. माझ्या भावाला वाटलं, सगळी अडकली की लवकर निकाल लागेल. झालं उलटंच. नणंदेने हायकोर्टातून स्वतःचं नाव काढून घेतलं आणि त्यानंतर सासरचा एकही माणूस माझ्याशी बोलायला तयार होईना.

अनुजा, तुझ्या वहिनीनेच ते वाक्य लिहिलं असेल असं धरून चालू नकोस. आणि तिला आता फोनही करू नकोस, कितीही चांगल्या मनाने केलास तरी. त्या दिवसांत सासरचा नंबर स्क्रीनवर दिसला की माझे हात कापायचे.

अनुजा_नाशिक

मृण्मयी, तू हे लिहिलंस, मी खरंच ऋणी आहे. फोन करणार होते. आता नाही करणार.

तालुकावकील, हायकोर्टातून नाव काढून घेता येतं म्हणजे नेमकं कसं? आणि मामा आता म्हणतायत की घर आईच्या नावावर आहे, ते पटकन माझ्या नावावर करून टाकू म्हणजे वहिनीला हक्कच सांगता येणार नाही.

तालुकावकील

घराला हात लावू नका. डीव्हीच्या कलम १९ खाली घर विकायला, नावावर करायला मनाई करता येते, आणि समन्स आल्यानंतर केलेलं बक्षीसपत्र कोर्टाच्या नजरेत काय दिसेल ते मामांनाच विचारा. घर सासूच्या नावावर आहे म्हणून सुनेला तिथे राहण्याचा हक्क नाही, हा जुना समज. २००६ च्या अखेरीस बात्रा प्रकरणात तसा निकाल होता खरा, पण १५ ऑक्टोबर २०२० ला सतीश चंदर आहुजा विरुद्ध स्नेहा आहुजा यात सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी तो बाजूला ठेवला. सून कायमची म्हणून जिथे नांदली ते घर सासू-सासऱ्यांच्या मालकीचं असलं तरी सामायिक घर ठरू शकतं. मात्र हा हक्क राहण्याचा आहे, मालकीचा नाही. त्याऐवजी तिला वेगळं भाड्याचं घर देण्याचा पर्यायही कोर्ट देऊ शकतं, आणि तुमच्यासारख्या घरात बहुधा तोच सगळ्यांना बरा. ज्येष्ठ नागरिक कायद्याचा अर्ज टाकून सुनेला बाहेर काढायची युक्तीही कुणी सुचवेल. डीव्हीचा हक्क डावलण्यासाठी तो कायदा वापरता येत नाही, असं २०२० मध्येच एस. वनिता प्रकरणात ठरलं आहे.

एक दिलासा. 'घरातून बाहेर काढा' हा आदेश कुठल्याही बाईविरुद्ध देता येत नाही, कलम १९ मध्येच तसं लिहिलं आहे. म्हणजे आईंना त्यांच्या घरातून कुणी हलवणार नाही.

आता तुमचं नाव. गुन्हा रद्द करण्याचा अर्ज उच्च न्यायालयात, आता नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५२८ खाली. तुमच्या बाजूचे निकाल भरपूर आहेत. २०१० च्या प्रीती गुप्ता प्रकरणात लग्न होऊन सुरतेकडे नवसारीला राहणारी नणंद आणि गोरेगावला राहणारा दीर यांना झारखंडच्या केसमध्ये ओढलं होतं, सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्याविरुद्धची तक्रार रद्द केली. २०१२ मध्ये गीता मेहरोत्रा, २०२२ मध्ये कहकशाँ कौसर, आणि १० डिसेंबर २०२४ ला दारा लक्ष्मी नारायण, सगळ्यांचा सूर एकच. नेमकं कृत्य न सांगता नुसती नातेवाइकांची नावं घातली असतील तर खटला पुढे चालवू नये. तुमचं वाक्य याच मापात बसतं. अर्जाला नाशिकचा राहण्याचा पुरावा, लग्नाची तारीख, नोकरीचे कागद जोडा. आईंना मात्र हेच सरसकट लागू होईल असं सांगून तुम्हाला खोटी आशा दाखवणार नाही. त्या त्याच घरात होत्या आणि त्यांच्यावर कृत्याचा आरोप आहे.

आणि एक बरं झालं आहे. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच (फिरतं खंडपीठ) सुरू झालंय. सांगली, सोलापूर दोन्ही त्यात येतात. मुंबईच्या खेपा, तिथली लॉज, तिथल्या वकिलांच्या फिया, यातलं बरंचसं वाचलं.

राजापूरचा_विनू

खर्चाचा विषय निघालाच आहे तर, मोफत वकील मिळतो ना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून? तो आरोपीला पण मिळतो?

समुपदेशिका_विजया

मिळतो, आणि हे फार थोड्यांना माहीत असतं. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७, कलम १२. बाईला उत्पन्नाची अट नाही. त्यात तक्रारदार बाई असंही म्हटलेलं नाही, बाई एवढंच आहे. म्हणजे आरोपी सासू आणि आरोपी नणंद दोघींना हक्क आहे. पुरुषाला महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्न ३ लाखांच्या आत असेल तर, किंवा तो कोठडीत असेल तर. अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तींनाही उत्पन्नाची अट नाही. १५१०० वर फोन करा किंवा कोर्टाच्या आवारात कार्यालय असतं तिथे साधा अर्ज द्या.

आखातातून_समीर

माझ्या मित्राची अशीच केस आहे, तो इथे दुबईत. प्रत्येक तारखेला यायला लागतं का? सुट्टी मिळत नाही.

तालुकावकील

समीर, डीव्हीमध्ये नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विशाल शाह प्रकरणात सांगितलं आहे की या कार्यवाहीत प्रत्यक्ष हजेरीचा आग्रह धरायचं कारण नाही. वकिलामार्फत चालतं. फौजदारी केसमध्ये हजेरीमाफीचा अर्ज करावा लागतो, आणि अनुजाताईंनाही तेच करावं लागेल. पण मित्राला सांगा, समन्सकडे पाठ फिरवू नको. डीव्हीमध्ये एकतर्फी आदेश होतो, फौजदारीत वॉरंट निघतं, आणि विमानतळावर अडवल्यावर धावपळ करण्यात काही अर्थ नसतो.

अनुजा_नाशिक

आणखी दोन गोष्टी. वहिनीचे दागिने आईच्या लोखंडी कपाटात आहेत, आई म्हणते कोर्टाने मागितल्यावर देऊ. आणि दादाकडे वहिनीशी झालेल्या भांडणांचं रेकॉर्डिंग आहे.

तालुकावकील

दागिने लगेच द्या. स्त्रीधन तिचं एकटीचं, हे १९८५ च्या प्रतिभा राणी प्रकरणापासून पक्कं आहे. अडवून ठेवलंत तर विश्वासघाताचं कलम वाढतं, आणि तेही आईंवर, कारण किल्ली त्यांच्या कमरेला. फक्त असंच कुणाच्या हाती पाठवू नका. वजनासह यादी, फोटो, आणि शक्यतो कोर्टासमोर किंवा डीव्ही कायद्याखाली नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्यांसमोर देऊन पावती.

रेकॉर्डिंगबद्दल. नवरा-बायकोतलं चोरून केलेलं रेकॉर्डिंग वैवाहिक दाव्यात पुरावा म्हणून चालू शकतं, असा निकाल १४ जुलै २०२५ ला विभोर गर्ग प्रकरणात आला आहे. तो निकाल घटस्फोटाच्या दाव्यातला आहे, हे लक्षात ठेवा. मूळ फोन जपा, भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं, प्रमाणपत्र लागेल. आणि ते पूर्ण ऐका, सोयीचा तुकडा नको. अशी रेकॉर्डिंग मी ऐकली आहेत ज्यात बायको ओरडते म्हणून नवऱ्याने ती आणली, आणि मागे नवऱ्याची धमकी त्याहून स्पष्ट ऐकू येते.

पोटगीसाठी दादांना मालमत्ता आणि उत्पन्नाचं शपथपत्र द्यावं लागेल, वहिनींनाही. रजनेश विरुद्ध नेहा, ४ नोव्हेंबर २०२०. पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरतात, म्हणून तारखा लांबवून काही वाचत नाही, थकबाकीच साचते. दोन कोर्टांत दोन पोटग्या लागल्या तर एकीतली रक्कम दुसरीत वळती करून घेता येते, पण ते सांगायचं काम दादांच्या वकिलाचं.

मृण्मयी_स

आमचं शेवटी मध्यस्थी केंद्रात मिटलं. तिथे पहिल्यांदा नवऱ्याने मान्य केलं की मारलं. त्याआधी दोन वर्षं त्याचा कागद म्हणत होता की मी मनोरुग्ण आहे. त्याने ते आधी मान्य केलं असतं तर मी फौजदारी केस इतकी ताणलीच नसती.

तालुकावकील

मृण्मयीताईंच्या मुद्द्याला कायद्याची जोड देतो. ४९८ आपसात मिटवून खालच्या कोर्टातून काढून घेता येत नाही. तडजोड झाली की दोघांनी उच्च न्यायालयात जायचं, संमतीने गुन्हा रद्द होतो. २००३ चा बी. एस. जोशी आणि २०१२ चा ग्यान सिंग, हे त्याचे आधार. परस्परसंमतीच्या घटस्फोटातली सहा महिन्यांची मुदतही २०१७ च्या अमरदीप सिंग निकालानंतर माफ होऊ शकते.

अनुजा_नाशिक

आज दादाशी बोलले. आई समोर बसली होती. मी सांगितलं की माझा वकील मी वेगळा करते आहे आणि मला दिसलेला वळ मी नाकारणार नाही. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, एकदा नव्हतं. आईने डोळ्याला पदर लावला, पण या वेळी विषय बदलला नाही. मामा चिडून निघून गेले. दादा उद्या त्याच्या वकिलांना स्वतः सगळं सांगणार आहे.

तालुकावकील, एकच विचारायचं राहिलं. पोलिसांनी मला वळाबद्दल विचारलं तर?

तालुकावकील

आज तुम्ही आरोपी आहात. राज्यघटनेच्या कलम २०(३) प्रमाणे स्वतःविरुद्ध बोलायला तुम्हाला कुणी भाग पाडू शकत नाही, आणि चौकशीच्या वेळी वकिलाला भेटण्याचा हक्क आहे. तुम्ही जे बघितलं ते तुमच्याविरुद्ध जाणारं नाही, तरी आधी तुमच्या नव्या वकिलांना सांगा आणि कधी, कसं सांगायचं ते त्यांना ठरवू द्या. उद्या तुमचं नाव वगळलं गेलं आणि साक्षीला बोलावलं, तर जे दिसलं तेवढंच सांगायचं. बाही, वळ, कपाटाचं दार. तो कशाने उठला हे तुम्ही पाहिलेलं नाही, तेव्हा त्यावर अंदाज नाही.

पोलिसांनी तपासात घेतलेल्या जबाबावर सही करायची नसते, कायद्यातच तसं आहे. कुणी कागद पुढे केला तर आधी वकिलांना फोन लावा. जाताना आधार, नाशिकच्या पत्त्याचा पुरावा, नोटिशीची प्रत आणि तुम्ही पाठवलेल्या पत्राची पोच बरोबर ठेवा. आणि सूर्यास्ताच्या आत तिथून निघा, आईंनाही बरोबर घेऊन.